ग्विन, टोनी

ग्विन, टोनी : (९ मे १९६०–१६ जून २०१४). विख्यात अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू. संपूर्ण नाव अँटनी कीथ ग्विन. सॅन डिएगो पाद्रेझ या एकाच संघाकडून तो १९८२ ते २००१ अशी वीस वर्षे खेळला. या अवधीत त्याने ३,१४१ हिट मिळविले, नॅशनल लीगमधील फलंदाजीचे अग्रपद आठ वेळा पटकाविले आणि ०·३३८ अशी सरासरी राखली. दुसऱ्या महायुद्धानंतर कारकीर्दीस आरंभ केलेल्या व दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत ही सरासरी सर्वोच्च ठरते. तथापि त्याचे महत्त्व केवळ या आकड्यांत नाही. बेसबॉलचा सारा कल उत्तुंग फटक्यांकडे झुकत असता, चेंडू हुकू न देता तो क्षेत्ररक्षकांमधील मोकळ्या जागी नेमका धाडण्याची जुनी कला त्याने अखेरपर्यंत जोपासली.

पार्श्वभूमी : बेसबॉलमधील फलंदाजीची सरासरी क्रिकेटमधील सरासरीहून अगदी वेगळी असते. क्रिकेटमध्ये एकूण धावांना फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. बेसबॉलमध्ये मात्र फलंदाज किती वेळा स्वतःच्या फटक्याच्या बळावर सुखरूप बेस गाठतो, म्हणजेच ‘हिट’ मिळवितो, ती संख्या घेऊन तिला त्याच्या अधिकृत पाळ्यांनी भागतात. पिचरने चार चेंडू कक्षेबाहेर टाकल्यामुळे मिळालेला पहिला बेस या हिशेबात धरीत नाहीत. दहा पाळ्यांत तीन हिट, म्हणजे ०·३०० सरासरी राखणारा फलंदाज उत्तम समजला जातो. थोडक्यात, या खेळात उत्तम फलंदाजही दहांपैकी सात वेळा अपयशी ठरतो. पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर सु. १८·४४ मी. असते, ताशी १४५ किमी. वेगाने आलेला चेंडू ते सु. ०·४ सेकंदात कापतो. बॅट सपाट नसून गोल असते आणि मैदानाचा केवळ समोरचा पाचरीच्या आकाराचा भागच फटक्यांसाठी मोकळा असतो. तीन स्ट्राइक झाल्या, की फलंदाज बाद होतो. यास ‘स्ट्राइक-आउट’ म्हणतात. चेंडूवर बॅट हमखास टेकविणाऱ्या व त्यामुळे क्वचितच स्ट्राइक-आउट होणाऱ्या फलंदाजास ‘काँटॅक्ट हिटर’ अशी संज्ञा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच पद्धत सर्वमान्य होती. बॉल्टिमोर ओरिओल्स संघाच्या विली कीलरने १८९७ मध्ये ०·४२४ सरासरी गाठली. क्षेत्ररक्षक नसेल तेथे चेंडू मारावा, हे त्याचे सूत्र प्रसिद्ध आहे. टाय कॉब व होनस वॅगनर यांनी हीच परंपरा विसाव्या शतकात आणली. परंतु बेब रूथने १९१९ मध्ये २९ आणि १९२० मध्ये ५४ होम रन काढून खेळाचा नूरच पालटला. एका फटक्यात चेंडू कुंपणापलीकडे गेला, तर बेसमागून बेस गाठण्याचे सायास कशाला, असा विचार रूढ झाला. त्यानंतर काँटॅक्ट हिटरांची परंपरा खंडित झाली नाही; पण ती बाजूस पडली. पनामात जन्मलेला रॉड कॅर्यू आणि त्याच्यामागून ग्विन यांनी ती पुन्हा प्रतिष्ठेस आणली.

जीवन व क्रीडाजीवनाचा प्रारंभ : ग्विनचा जन्म लॉस अँजेल्स येथे एका आफ्रो-अमेरिकन कुटुंबात झाला व त्याचे बालपण लाँग बीच येथे गेले. वडील चार्ल्स गोदामात, तर आई व्हेंडेला टपालखात्यात नोकरीस होती. धाकटा भाऊ क्रिस हाही पुढे व्यावसायिक बेसबॉलपटू झाला. टोनीने सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात प्रवेश मिळविला, तो प्रामुख्याने बास्केटबॉलच्या जोरावर. पॉइंट गार्ड या स्थानावर खेळताना सहकाऱ्यांना गोल करण्यास साहाय्यभूत ठरणारे पास देण्याचा विद्यापीठाचा विक्रम त्याने केला. जून १९८१ मध्ये एकाच दिवशी बेसबॉलमधील पाद्रेझ व बास्केटबॉलमधील सॅन डिएगो क्लिपर्स या दोन्ही संघांनी त्याची निवड केली. पाद्रेझने त्यास तिसऱ्या फेरीत, तर क्लिपर्सने दहाव्या फेरीत घेतले होते. त्याने बेसबॉलची वाट धरली. बास्केटबॉलमध्ये कमावलेली मनगटाची चपळाई व तत्काळ निर्णय घेण्याची सवय आपणास फलंदाजीत उपयोगी पडली, असे तो नंतर सांगत असे.

कनिष्ठ दर्जाच्या लीगमध्ये वर्षभर खेळल्यावर १९ जुलै १९८२ रोजी तो प्रथमच मुख्य लीगमध्ये उतरला. फिलाडेल्फिया फिलीझविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने दोन हिट मिळविले. प्रतिपक्षाकडून पहिल्या बेसवर त्या वेळी पीट रोझ होता. एकूण हिटांचा सर्वोच्च विक्रम पुढे याच खेळाडूच्या नावावर जमा झाला. पहिल्या अपुऱ्या हंगामात ग्विनची सरासरी ०·२८९ होती. त्यानंतरच्या १९ हंगामांत ती एकदाही ०·३०९ च्या खाली आली नाही.

पहिला पूर्ण हंगाम १९८४ चा. त्या वर्षी ०·३५१ सरासरी व २१३ हिट यांच्या बळावर त्याने फलंदाजीचे पहिले अग्रपद मिळविले. शिकागो कब्झविरुद्धच्या निर्णायक मालिकेत पहिले दोन सामने गमावूनही पाद्रेझने पुढील तिन्ही जिंकले व नॅशनल लीगचे विजेतेपद प्रथमच संपादन केले. वर्ल्ड सिरीझमध्ये मात्र डिट्रॉइट टायगर्सकडून त्यांचा पराभव झाला. १९८७ मध्ये ग्विनने ०·३७० सरासरी गाठली व ५६ बेस चोरले. १९८८ मधील त्याची ०·३१३ ही अग्रपदाची सरासरी नॅशनल लीगमध्ये तोपर्यंतची सर्वांत कमी ठरली. १९८९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को जायंट्सच्या विल क्लार्कशी अखेरच्या दिवसापर्यंत चुरस होऊन त्याने सलग तिसरे अग्रपद राखले. उजव्या बाजूच्या बाह्य क्षेत्रातील रक्षक म्हणून आरंभी तो सामान्य गणला जाई; परंतु सततच्या सरावाने त्याने पाच वेळा ‘गोल्ड ग्लव्ह’ हा क्षेत्ररक्षणाचा बहुमान मिळविला.

फलंदाजीचे तंत्र : ग्विन डावखुरा होता. त्याची बॅट सु. ८४ सेंमी. लांबीची, व्यावसायिक खेळाडूंच्या मानाने तोकडी व हलकी असे. चेंडू अगदी जवळ येईतो थांबावयाचे, हात शरीरालगत ठेवावयाचे आणि चेंडू बाहेरच्या कडेस असेल, तर तो ओढून न मारता त्याच्या दिशेनेच डावीकडे वळवावयाचा, ही त्याची रीत होती. बेसबॉलच्या नोंदवहीत तिसऱ्या बेसवरील रक्षकाचा क्रमांक पाच व शॉर्टस्टॉपचा सहा असतो. या दोघांमधील फटीतून चेंडू काढण्यात ग्विन इतका वाकबगार होता, की त्या फटीस तो ‘साडेपाच’ क्रमांक म्हणे. हा आकडा त्याने आपल्या बुटांवरही नोंदविला होता.

या कौशल्यामागे नियमबद्ध अभ्यास होता. १९८३ मध्ये बाहेरगावच्या दौऱ्यात धावांचा दुष्काळ पडला असता त्याने पत्नी अ‍ॅलिशिया हिला घरच्या यंत्रावर सामन्याचे चित्रण करून ठेवण्यास सांगितले. परतल्यावर ते पाहताच आपल्या हालचालीतील दोष त्याच्या ध्यानी आला. तेव्हापासून प्रत्येक पाळीचे चित्रण जमा करणे, पिचरागणिक त्याची वर्गवारी करणे आणि दौऱ्यावर यंत्रे बरोबर नेणे, हा त्याचा परिपाठच झाला. त्या काळी हा प्रकार सहकाऱ्यांना विक्षिप्तपणाचा वाटे. पुढे प्रत्येक व्यावसायिक संघाने चित्रणाचा असा विभाग निर्माण केला.

त्याच्या अचूकतेची कल्पना काही आकड्यांवरून येईल. वीस वर्षांत १०,२३२ वेळा फलंदाजीस येऊनही तो केवळ ४३४ वेळा स्ट्राइक-आउट झाला. कोणत्याही एका हंगामात ही संख्या ४० च्या वर गेली नाही आणि १९९५ मध्ये ती अवघी १५ होती. एका सामन्यात तीनदा स्ट्राइक-आउट होण्याचा प्रसंग त्याच्यावर सबंध कारकीर्दीत एकदाच आला. आपल्या पिढीतील श्रेष्ठ पिचर ग्रेग मॅडक्स याच्यासमोर तो १०७ वेळा उभा राहिला. परंतु मॅडक्सला त्यास एकदाही स्ट्राइक-आउट करता आले नाही. याउलट अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स संघाचा मार्क रेनल्ड्झ २००९ व २०१० या दोनच हंगामांत मिळून बरोबर ४३४ वेळा स्ट्राइक-आउट झाला. अर्थात रेनल्ड्झ हा होम रनच्या मागे लागलेला फलंदाज होता व त्याच्या संघाने ही किंमत जाणूनबुजून मोजली होती. खेळाची दिशा कशी बदलली, हे या दोन आकड्यांच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

ग्विनच्या पद्धतीवर टीकाही झाली. १९९० मध्ये संघातीलच काही खेळाडूंनी, तो संघापेक्षा स्वतःच्या सरासरीसाठी खेळतो, असा आरोप केला. तो त्याच्या जिव्हारी लागला. याच संदर्भात टेड विल्यम्सचा सल्ला महत्त्वाचा ठरला. मूळचा सॅन डिएगोचाच असलेल्या या थोर फलंदाजाने १९९० नंतरच्या काही वर्षांतील भेटींत, शरीराच्या बाजूस येणारे चेंडू उजवीकडे जोराने मारण्याविषयी त्यास आग्रहाने सांगितले. ग्विनने तिशी उलटल्यावर आपले तंत्र बदलले. त्याचा परिणाम म्हणून १९९७ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, ०·३७२ सरासरीबरोबरच १७ होम रन व ११९ धावांना हातभार, अशी त्याची सर्वांत फलदायी कामगिरी घडून आली.

१९९४ चा हंगाम : ०·४०० ही सरासरी बेसबॉलमध्ये दंतकथेप्रमाणे मानली जाते. नॅशनल लीगमध्ये ती अखेरची गाठली बिल टेरीने १९३० मध्ये (०·४०१) व अमेरिकन लीगमध्ये टेड विल्यम्सने १९४१ मध्ये (०·४०६). कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र नीग्रो लीगमध्ये त्यानंतरही काहींनी ती ओलांडली, उदा., जॉश गिब्सनची १९४३ मधील ०·४६६ ही सरासरी. या लीगचे विक्रम २०२४ मध्ये अधिकृत आकडेवारीत समाविष्ट झाले. वर्णभेदामुळे गिब्सनसारख्या खेळाडूंना मुख्य लीगचे दरवाजे १९४७ पर्यंत बंद होते, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

ऑगस्ट १९९४ मध्ये ग्विन या मर्यादेच्या उंबरठ्यावर उभा होता. ११० सामने, ४१९ पाळ्या, १६५ हिट, सरासरी ०·३९४, अशी त्याची स्थिती होती. आणखी तीनच हिट मिळाले असते, तर तेवढ्याच पाळ्यांत सरासरी ०·४०० वर गेली असती. परंतु १२ ऑगस्ट रोजी खेळाडूंच्या संघटनेने संप पुकारला. संघमालकांना एकूण वेतनावर मर्यादा घालावयाची होती व खेळाडूंना ती अमान्य होती. वाटाघाटी फिसकटल्या आणि १४ सप्टेंबर रोजी उरलेला हंगाम रद्द झाल्याचे घोषित झाले. १९०४ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीझ झाली नाही. संप मिटण्यास एप्रिल १९९५ उजाडला.

पाद्रेझचे ४५ सामने शिल्लक असताना हा खेळ थांबला. उरलेल्या सामन्यांत ग्विनची सरासरी वाढली असती की घसरली असती, हे सांगणे अशक्य आहे. हंगामाच्या उत्तरार्धातील थकवा, वृत्तपत्रांचा ससेमिरा आणि त्याचे दुखावलेले गुडघे हे सर्व ध्यानात घेता उद्दिष्ट अवघड होते. पण सरासरी त्या सुमारास चढती होती, हेही खरे. संपास त्याने विरोध केला नाही. १९४१ नंतर २०२५ पर्यंत या दोन लीगमध्ये कोणाही फलंदाजाला ०·३९४ पेक्षा अधिक सरासरी राखता आली नाही.

उत्तरकाल : १९९४ ते १९९७ अशी सलग चार वर्षे ग्विन फलंदाजीत अग्रस्थानी राहिला व आठ अग्रपदांच्या वॅगनरच्या नॅशनल लीगमधील विक्रमाशी त्याने बरोबरी केली. १९९६ मध्ये दुखापतीमुळे त्याला आवश्यक त्या पाळ्या खेळता आल्या नव्हत्या, चार कमी पडल्या होत्या. परंतु त्या चारही निष्फळ ठरल्या, असे गृहीत धरूनही त्याचीच सरासरी सर्वाधिक भरत असल्याने नियमानुसार अग्रपद त्यास देण्यात आले. त्याच वर्षी लॉस अँजेल्स डॉजर्सविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात अकराव्या डावात त्याचा भाऊ क्रिस याने मारलेल्या फटक्याने पाद्रेझला विभागीय विजेतेपद मिळवून दिले.

१९९८ मध्ये संघाने पुन्हा वर्ल्ड सिरीझ गाठली. न्यूयॉर्क यांकीजनी चारही सामने जिंकले. ग्विनने मात्र १६ पाळ्यांत ८ हिट मिळविले आणि पहिल्या सामन्यात होम रनही मारला. ६ ऑगस्ट १९९९ रोजी माँट्रिऑल येथे त्याने तीन हजारावा हिट नोंदविला. तो त्याच्या आईचा वाढदिवस होता. ऑक्टोबर २००१ मध्ये तो निवृत्त झाला. इतरत्र अधिक मोबदला मिळण्याची शक्यता असतानाही त्याने सॅन डिएगो सोडले नाही. १९९३ मध्ये खर्चकपातीसाठी संघाने नामवंत खेळाडू एकामागून एक इतरांस देऊन टाकले, त्या पडत्या काळातही तो तेथेच राहिला. म्हणूनच त्या शहरात त्यास ‘मिस्टर पाद्रे’ या नावाने ओळखतात.

निवृत्तीनंतर आपल्याच विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे प्रमुख प्रशिक्षकपद त्याने २००३ पासून मृत्यूपर्यंत सांभाळले. स्टीव्हन स्ट्रॅसबर्ग हा विख्यात पिचर त्याच्याच हाताखाली तयार झाला. २००७ मध्ये ९७·६ टक्के मते मिळून कूपर्झटाउन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची कॅल रिपकनसमवेत निवड झाली. त्याचा मुलगा टोनी (धाकटा) हाही मुख्य लीगमध्ये खेळला.

आजार व मृत्यू : तंबाखू चघळण्याची अथवा ओली तपकीर ओठ व हिरडी यांमध्ये धरून ठेवण्याची सवय अमेरिकन बेसबॉलपटूंमध्ये एकोणिसाव्या शतकापासून रूढ होती. ग्विनलाही ती तरुणपणीच जडली व अनेक प्रयत्न करूनही सुटली नाही. २०१० मध्ये गालातील लाळग्रंथीस कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेमुळे काही काळ त्याच्या चेहऱ्याची एक बाजू निकामी झाली. ज्या गालात आपण तंबाखू धरीत होतो, त्याच बाजूस हा रोग उद्भवला, असे त्याने जाहीरपणे सांगितले. या विशिष्ट ग्रंथीचा कर्करोग तंबाखूनेच होतो, असे वैद्यकशास्त्रात निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. मुखाच्या कर्करोगाशी तंबाखूचा संबंध मात्र सुस्थापित आहे. १६ जून २०१४ रोजी कॅलिफोर्नियातील पॉवे येथे वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

त्याच्या मृत्यूने जे घडले, ते अनेक वर्षांच्या प्रचाराने साधले नव्हते. स्ट्रॅसबर्गने ही सवय सोडण्याचा निर्धार जाहीर केला. २०१५ मध्ये प्रथम सॅन फ्रॅन्सिस्को शहराने व नंतर कॅलिफोर्निया राज्याने बेसबॉलच्या मैदानांवर धूरविरहित तंबाखूस बंदी करणारे कायदे केले. २०१६ च्या अखेरीस खेळाडू व मालक यांच्यात झालेल्या करारान्वये मुख्य लीगमध्ये नव्याने येणाऱ्या खेळाडूंना तिचा वापर निषिद्ध ठरला. त्याच वर्षी नॅशनल लीगच्या फलंदाजीच्या अग्रपदास ग्विनचे नाव देण्यात आले.

मूल्यमापन : आकडेवारीच्या नव्या अभ्यासकांनी फलंदाजीच्या सरासरीचे जुने महत्त्व कमी केले आहे. साध्या हिटाने एकच बेस मिळतो, होम रनने चार. तसेच वाईट चेंडू सोडून मिळविलेल्या बेसची दखल सरासरी घेत नाही, हे त्यांचे आक्षेप रास्तच आहेत. ग्विनने वीस वर्षांत १३५ होम रन काढले; आपल्या काळातील सर्वांत प्रभावी फलंदाज म्हणून त्याची गणना या निकषांवर होणार नाही. परंतु तो बेसवर वारंवार असे, हे त्याच निकषांवरूनही दिसून येते.

या विचारसरणीचा दुसरा परिणाम प्रेक्षकांस जाणवतो. २०१८ च्या हंगामात मुख्य लीगच्या इतिहासात प्रथमच स्ट्राइक-आउटांची एकूण संख्या हिटांहून अधिक झाली. म्हणजे चेंडू खेळात येणे, क्षेत्ररक्षकाने धावणे, फलंदाजाने बेस गाठणे, हे या खेळाचे दृश्य रूपच आटत गेले. २०२५ मध्ये नॅशनल लीगमधील अग्रपद ट्रे टर्नरने ०·३०४ सरासरीवर मिळविले व त्या लीगमधील पात्र फलंदाजांत ०·३०० ओलांडणारा तो एकटाच होता. ही सरासरी ग्विनच्या १९ हंगामांतील नीचांकाहूनही कमी आहे.

परंपरा मात्र पूर्णतः लुप्त झालेली नाही. ग्विन निवृत्त झाला, त्याच वर्षी अमेरिकेत खेळू लागलेल्या जपानच्या इचिरो सुझुकीने २००४ मध्ये एका हंगामात २६२ हिटांचा विक्रम केला. व्हेनेझुएलाच्या लुइस अराएझने २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या संघांकडून अग्रपद पटकाविले. त्यांपैकी तिसरा संघ ग्विनचा पाद्रेझ हाच होता. चेंडू हुकू न देणे हा केवळ उपजत गुण नसून अभ्यासाने साध्य होणारी विद्या आहे, हे ग्विनने दाखवून दिले. त्याच्या कारकीर्दीचे स्थायी महत्त्व यातच आहे.